केलांगच्या हाइडे दांपत्याची कागदपत्रं केलांगला वाचता यावीत

प्रति,
सचिव, संस्कृती मंत्रालय, भारत सरकार
सचिव, भाषा, कला व संस्कृती विभाग, हिमाचल प्रदेश
आणि
मोराव्हियन मंडळीचे अभिलेखागार, हेर्नहूट, जर्मनी

सादर नमस्कार.

हे पत्र एका नवरा-बायकोच्या कागदपत्रांबद्दल आहे. आउगुस्ट विल्हेल्म हाइडे आणि मारिया हाइडे हे दोघं मोराव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे जर्मन मिशनरी होते. १८५९ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि तेव्हापासून १८९८ पर्यंत ते हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात, केलांगला राहिले. रोजनिश्या, पत्रं, मंडळीला म्हणजे आपल्या चर्चला पाठवलेले अहवाल असा त्यांच्या मागे राहिलेला मोठा ऐवज हेर्नहूटच्या अभिलेखागारात आहे. तिथे तो सांभाळला गेला, याबद्दल मी त्या संस्थेची मनापासून ऋणी आहे. माझी विनंती अशी की या कागदपत्रांच्या प्रती केलांगला याव्यात, त्यांचा हिंदी अनुवाद व्हावा आणि त्या अनुवादाच्या कामात लाहौलची माणसं पहिल्या दिवसापासून असावीत. आणि हे लवकर व्हावं. घाई का, ते पुढे सांगते.

मी पुण्यात अनेक वर्षं जर्मन शिकवलं. या पत्राच्या हिंदी आणि जर्मन प्रती आपल्याला टपालाने पाठवल्या आहेत. मराठीत ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून शेकडो माणसं मनालीहून लेहला केलांगवरून जातात. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तर रोहतांगची खिंड चढावीही लागत नाही. नऊ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की लाहौल. बहुतेकांच्या लेखी केलांग म्हणजे पेट्रोल भरायचं, फार तर एक रात्र काढायचं ठिकाण. त्या गावाच्या एका मोठ्या कालखंडाची रोजची हकीगत लिहिलेली आहे, हे मराठी वाचकांनाही कळावं असं मला वाटतं.

मुळात हाइडेंना लाहौलला यायचंच नव्हतं. त्यांना मंगोलियात जायचं होतं. रशियाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून १८५३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी मिशनरी एडुआर्ड पागेल हिंदुस्थानमार्गे निघाले. कोटगढला राहून तिबेटी शिकले, १८५५ मध्ये लडाखपर्यंत जाऊन आले. पण पुढे चीनच्या अमलाखालच्या तिबेटात शिरायची परवानगी मिळेना. शेवटी सरहद्दीच्या अलीकडे, जिथवर इंग्रजांचा अंमल होता तिथे, त्यांनी मुक्काम ठोकला. लाहौल १८४६ मध्येच इंग्रजांकडे आलं होतं. १८५६ मध्ये केलांगला मिशनचं घर उभं राहिलं. भागा नदीच्या वर, दहा हजार फूट उंचीवर, समोरच्या डोंगरावर कारदंगचा गोंपा म्हणजे बौद्ध मठ, गावाच्या डोक्यावर शाशुरचा गोंपा. वर्षातले निम्मे महिने खिंड बंद. दार उघडेपर्यंत उंबऱ्यावर थांबायचं म्हणून बसलेला हा माणूस पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला. पुढचं दार उघडलंच नाही.

मारियाची गोष्ट याहून निराळी. तिचा जन्म १८३७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, पारामारिबोला झाला. आईवडीलही मोराव्हियन मिशनरीच. वडील लवकर गेले. मुलीला शिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं. आई सुरिनाममध्येच राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली. त्याच वर्षी हाइडे हिंदुस्थानाकडे निघाले होते. सहा वर्षांनी मंडळीने केलांगच्या तिघा अविवाहित मिशनऱ्यांसाठी तीन वधू ठरवून पाठवल्या. हाइडेंसाठी मारिया, पागेलसाठी एक, आणि १८५७ मध्ये केलांगला आलेल्या हाइनरिश आउगुस्ट येश्के यांच्यासाठी एक. बावीस वर्षांची मुलगी, ज्याला पाहिलेलंही नाही अशा माणसाशी लग्न करायला समुद्र ओलांडून कलकत्त्याला उतरली, तिथून सारा उत्तर हिंदुस्थान कापत हिमालयात चढली आणि बर्फ पडायच्या आत रोहतांग ओलांडून केलांगला पोचली. आपल्याकडच्या आज्या-पणज्याही न पाहिलेल्या नवऱ्याच्या घरी गेल्या, तेव्हा ठरवून केलेल्या लग्नाचं नवल मराठी वाचकाला वाटणार नाही. नवल पुढच्या गोष्टीचं आहे. ही बाई त्या गावात जवळजवळ रोज लिहीत राहिली.

तिच्या रोजनिश्या हा या कागदपत्रांतला सर्वांत मोलाचा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हाइडेंच्या अहवालांपेक्षा आणि येश्केंच्या पत्रव्यवहारापेक्षाही.

असं का म्हणते, ते सांगते. मोराव्हियन मंडळीत लिहिण्याची शिस्त मोठी होती. प्रत्येक ठाण्याने आपली दैनंदिनी ठेवायची, ती वरिष्ठांना पाठवायची. त्यातले उतारे मंडळीच्या मासिकांत छापले जायचे आणि ते वाचून युरोपातले लोक मिशनला देणग्या द्यायचे. एवढंच नव्हे, प्रत्येक सभासदाने आपलं जीवनवृत्त स्वतः लिहून ठेवायचं आणि ते त्याच्या अंत्यविधीच्या वेळी वाचलं जायचं, अशी त्यांची रीत. हेर्नहूटला अशी हजारो जीवनवृत्तं आहेत. म्हणजे जे वर पाठवायचं होतं, ते वाचणाऱ्यावर नजर ठेवून लिहिलेलं होतं. त्यात आशा जरा जास्त असायची, कुणी बाप्तिस्म्याकडे झुकतोय अशा बातम्या असायच्या. मारियाच्या नोंदी कुणाला दाखवायच्या नव्हत्या. आज कोण आलं, कुणाला बरं नाही, लोकर किती आली, कोणत्या बाईला किती मजुरी दिली, बर्फ किती पडला, खिंड कधी उघडली, हे सगळं संसार चालवणाऱ्या बाईच्या हिशेबातून येतं. नवऱ्याने वरिष्ठांना लिहिलेला महिना आणि बायकोने स्वतःसाठी लिहिलेला तोच महिना समोरासमोर ठेवून वाचता येतो. एका सरहद्दीवरच्या खेड्याबद्दल अशी जोडी किती ठिकाणी मिळेल? इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो हातातलं काम टाकून आधी हे वाचायला बसेल.

धर्मप्रसाराच्या कामात मात्र हाइडेंना फारसं यश आलं नाही. पहिले बाप्तिस्मे झाले १८६५ मध्ये, तेही लडाखातून आलेल्या माणसांचे. लाहौली लोक मिशनऱ्यांकडे औषधाला आले, शाळेत आले, मजुरीला आले, आणि आपापल्या गोंप्यांत आणि देवळांत जात राहिले. मला यात त्या लोकांचा शहाणपणा दिसतो, आणि तो या कागदपत्रांतून कळतो हेही महत्त्वाचं. मिशनऱ्यांना जिथे अपयश दिसलं, तिथे आज आपल्याला एक समाज दिसतो, ज्याने परक्या माणसाकडून हवं तेवढं घेतलं आणि नको ते शांतपणे बाजूला ठेवलं.

जे घेतलं, त्यातलं विणकाम सगळ्यांत मोठं. हिवाळ्यात मारिया गावातल्या बायकांना आणि मुलींना विणायला शिकवायची. लाहौलमध्ये लोकर होती, सूत कातणं होतं, मागावर पट्टू म्हणजे लोकरीचं कापड विणणं होतं. सुयांवर मोजे विणणं या मिशनच्या शाळेतून आलं. आज लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. केलांगच्या बाजारात ते मोजे घेताना आपण नक्षीचं कौतुक करतो. त्या शाळेत पहिल्यांदा कोण आलं, कोणत्या घरच्या बायका होत्या, त्यांना मजुरी काय मिळायची, नक्षी जर्मन होती की लाहौली बायकांनी आपली घातली, याची उत्तरं शोधायची पहिली जागा म्हणजे मारियाच्या वह्या. मानांकनाची कागदपत्रं तयार करताना जो इतिहास दोन ओळींत सांगितला जातो, त्याचा मूळ पुरावा जर्मनीतल्या कपाटात आहे, आणि मोजे विणणाऱ्या बाईला तो वाचता येत नाही.

बटाट्याचंही तसंच. लाहौलच्या बियाण्याच्या बटाट्याने त्या खोऱ्याचं दारिद्र्य संपवलं. तिथल्या शेतकऱ्यांनी १९६६ मध्ये आपली बटाटा सोसायटी काढली. बटाटा पहिल्यांदा पादऱ्यांनी लावला, असं लाहौलमध्ये आजही सांगतात. मिशनला शेत होतं, भाजीमळा होता, हे खरं. कोणत्या साली, कोणत्या वावरात, आणि गावकऱ्यांनी तो कधी आपल्या शेतात नेला, हे सांगोवांगीवर का राहावं? शेताच्या नोंदी वाचल्या तर कदाचित मान्य झालेली गोष्ट बदलेल, कदाचित पक्की होईल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी लाहौलला आपल्या मुख्य पिकाचा इतिहास मिळेल.

येश्के हे हाइडे दांपत्याच्या शेजारीच राहत होते, तेव्हा त्यांच्याबद्दल दोन शब्द. त्यांनी केलांगला राहून तिबेटी व्याकरण लिहिलं आणि ते १८६५ मध्ये तिथल्याच शिळाछापावर छापलं. त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८८१ मध्ये निघाला, तो अभ्यासक आजही वापरतात. दहा हजार फुटांवर, वर्षातले सहा महिने तुटलेल्या गावात छापखाना चालत होता, हे वाचून मी थक्क झाले होते. पण येश्के १८६८ मध्ये युरोपला परतले. पागेल आणि त्यांची पत्नी किन्नौरमध्ये पू गावी गेले आणि १८८३ मध्ये दोघंही तिथेच वारले. केलांगला शेवटपर्यंत टिकले ते हाइडे दांपत्य. प्रवासी, अधिकारी, व्यापारी, लेह-यारकंदच्या वाटेवरचे सगळेच त्यांच्या दारावरून जायचे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत लाहौलबद्दल जी माहिती आहे, तिच्यातलीही काही या मिशनऱ्यांकडूनच आलेली. म्हणजे ज्या सरकारी कागदांवर आपण आज लाहौलचा इतिहास उभा करतो, त्यांच्या मागचा एक झरा हाइडेंच्या घरात होता.

या जोडप्याच्या कागदांत दुःखही फार आहे. त्यांची काही मुलं केलांगलाच दगावली. जी वाचली, त्यांना मोराव्हियन रीतीप्रमाणे लहान वयातच शिक्षणासाठी युरोपला पाठवलं गेलं. जिने स्वतः लहानपणी आईवडिलांना मागे ठेवून समुद्र ओलांडला होता, तिने आपली मुलंही तशीच पाठवली. हाइडेंनी तर पन्नास वर्षांत एकदाही मायदेशी रजा घेतली नाही. १८९८ मध्ये केलांग सोडलं तेही घरी जाण्यासाठी नव्हे. दार्जिलिंगजवळ घूमला राहून बायबलच्या नव्या कराराचा तिबेटी अनुवाद सुधारण्यासाठी. शरच्चंद्र दास यांचा जो तिबेटी-इंग्रजी कोश १९०२ मध्ये निघाला, त्याच्या संपादकांतही हाइडेंचं नाव आहे. १९०३ मध्ये दोघं जर्मनीला परतली. १९०७ मध्ये हाइडे वारले, मारिया त्यानंतर दहा वर्षं जगली. १९२१ मध्ये त्यांच्या मुलाने आईवडिलांचं चरित्र प्रसिद्ध केलं. ज्या आईवडिलांना त्याने बालपणानंतर क्वचितच पाहिलं असेल, त्यांचं चरित्र त्याला लिहावंसं वाटलं, आणि त्यासाठी कागदांखेरीज त्याच्याकडे फारसं काय असणार? हे कागद टिकले त्यामागे अशी ओढ आहे.

आता संस्कृती मंत्रालयाला काही सांगायचं आहे.

आपण २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी अभियान चालवलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायचं उद्दिष्ट ठरलं. याचा मला अभिमान वाटतो. पण या योजनांची हस्तलिखिताची व्याख्या पाहिली, की पंचाहत्तर वर्षांहून जुना, हाताने लिहिलेला, ज्ञानाचं मोल असलेला मजकूर त्यात बसतो, आणि सरकारी दप्तरं, महसुली कागद त्यातून वगळले जातात. मग रोजनिशी कुठे बसवायची? ती पोथी नाही आणि फर्मानही नाही. खाजगी कागदपत्रं जमवणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्था आहेत, पण त्यांच्याकडे मुख्यतः पुढाऱ्यांचे, मुत्सद्द्यांचे, नामवंतांचे कागद जातात. एका डोंगरी गावात चाळीस वर्षं मोजे विणायला शिकवणाऱ्या बाईची वही कुणाच्याच कक्षेत येत नाही. त्यातून ती जर्मनीत, जर्मन भाषेत. दोन देशांच्या आणि दोन व्याख्यांच्या मधे ती पडली आहे. भारताबाहेर असलेल्या, पण भारतातल्या एखाद्या गावाबद्दल असलेल्या खाजगी कागदपत्रांसाठी वेगळी तरतूद हवी. मूळ कागद परत आणा असं मी म्हणत नाही. ते त्या दांपत्याचे आणि त्यांच्या मंडळीचे आहेत, आणि तिथे सुरक्षित आहेत. प्रती आणि अनुवाद मात्र आपल्याला करता येतील.

पुण्यात बसून मी हे बोलते आहे त्याला कारण आहे. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत होते, त्या परंपरेत आम्ही वाढलो. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते याच ध्यासातून. घराण्यांच्या खाजगी कागदांवर इतिहास उभा राहतो, हे महाराष्ट्राला पटवून द्यावं लागत नाही. आमच्या घराण्यांनी आपले कागद स्वतः लिहिले, मोडी वाचणारे आजही आमच्यात आहेत. लाहौलच्या सामान्य घरांचे त्या काळचे रोजचे कागद परक्याने लिहिले, परक्या लिपीत लिहिले आणि परदेशी गेले. ज्या समाजाला स्वतःची नोंद ठेवायची संधी मिळाली नाही, त्याला दुसऱ्याने केलेली नोंद तरी वाचायला मिळावी.

यावर कुणी म्हणेल, मिशनऱ्यांच्या कागदांवर सरकारने पैसा का खर्च करावा? त्यांनी लामांबद्दल, देवतांबद्दल, छांग ही घरची दारू पिण्याबद्दल, भावाभावांत एक बायको असण्याच्या तिथल्या जुन्या चालीबद्दल नाक मुरडून लिहिलं. हे बरोबर आहे. ते धर्म बदलायला आले होते आणि त्यांची नजर तशीच होती. मला उलट वाटतं, की म्हणूनच हे कागद लाहौलच्या हाती लवकर जायला हवेत. आजवर या कागदांवर काम झालं ते बहुतेक जर्मन अभ्यासकांनी केलं, आणि चांगलं केलं. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांबद्दल हे लिहिलं गेलं, त्यांनी ते वाचून उत्तर दिलेलं नाही. हालडा, फागली, गोची या सणांबद्दल एका परक्या बाईने काय लिहिलं आणि तिला काय कळलंच नाही, हे कारदंगच्या म्हाताऱ्या माणसाइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही.

घाई आहे ती इथे. ही हस्तलिखितं त्या काळच्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहेत. आजचा सुशिक्षित जर्मन माणूसही ते अक्षर शिकल्याशिवाय वाचू शकत नाही. ते शिकता येतं, मी शिकले आहे, माझ्या काही विद्यार्थ्यांनाही शिकवलं आहे. पण अक्षर लागलं तरी अर्थ लागेलच असं नाही. लाहौलमध्ये माणसाची ओळख घराच्या नावाने होते. घराला नाव असतं, वावराला नाव असतं, झऱ्याला, उताराला, हिमकडा कोसळण्याच्या वाटेला नाव असतं. ती नावं जर्मन कानाने ऐकून, जर्मन स्पेलिंगने, कधी तिबेटी थाटात, कधी स्थानिक बोलीत लिहिलेली असणार. त्या खोऱ्यात एक भाषा नाही. केलांग-कारदंगकडे गाहरी म्हणजे बुनान, खाली पट्टनी, तिनन, चिनाली, आणि त्याशिवाय तिबेटी बोली. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत यातल्या कित्येक आहेत. पुढे केलांगला आलेल्या आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी या बोलींच्या नोंदी केल्या, पण नोंद म्हणजे बोलणारा माणूस नव्हे. नावं ओळखणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. तरुण मुलं कुल्लूला, चंदीगडला, दिल्लीला शिकतात आणि घरीही हिंदी बोलतात. अजून दहा-पंधरा वर्षांनी अनुवाद निघाला तर तो व्याकरणाने बिनचूक असेल, पण त्यातलं निम्मं गाव मुकं राहील. अमुक घर कुठलं, ते पडलं की अजून आहे, त्या घरातली माणसं कुठे गेली, हे सांगायला कुणी उरणार नाही.

म्हणून हिमाचलच्या भाषा विभागाला माझी विनंती आहे की अनुवाद संपण्याची वाट पाहू नका. आधी नुसती नावं काढा. रोजनिश्यांतली माणसांची, घरांची, जागांची नावं, तारखेसकट, एका यादीत घेता येतील. ती यादी घेऊन केलांगला, कारदंगला, आजूबाजूच्या गावांत बसा, म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. हे काम तुमच्या खात्याच्या आवाक्यातलं आहे, खर्चही फार नाही. केलांगला जनजातीय संग्रहालय आहेच. ते या कामाचं ठाणं होऊ शकेल. आता बोगद्यामुळे हिवाळ्यातही तिथे पोचता येतं. आणि हिवाळ्यातच लोकांना बसून बोलायला वेळ असतो, हे मारियालाही माहीत होतं. तिचा विणकामाचा वर्ग म्हणूनच हिवाळ्यात असायचा.

एक काळजी मात्र पहिल्यापासून घ्यायला हवी, आणि ती हेर्नहूटच्या अभिलेखागाराला मुद्दाम सांगते. अशा नोंदींत घराघरातल्या गोष्टी असतात. कुणाचं कर्ज, कुणाचा आजार, कुणाचं मूल लग्नाआधीचं, कोणता नवरा मारायचा, कोण चोरी करताना सापडला. लिहिणारीला ते साध्या नोंदीसारखं वाटलं असेल. पण लाहौल लहान आहे, घराची नावं टिकून आहेत, आणि पणतू त्याच गावात राहतो. जर्मनीतल्या वाचकाला ज्यात काहीच वाटणार नाही, अशा ओळीने केलांगमध्ये दोन घरांचं बोलणं बंद होऊ शकतं. तेव्हा प्रती सरसकट खुल्या करण्याआधी त्या लाहौलमधल्या वडीलधाऱ्यांच्या एखाद्या छोट्या मंडळाने वाचाव्यात, ज्यात बायका निम्म्या असाव्यात, आणि काय लगेच खुलं करायचं, काय काही वर्षं राखून ठेवायचं, हे त्यांनी ठरवावं. मी मोकळेपणाच्या बाजूची आहे. तरीही हा निर्णय पुण्याचा, शिमल्याचा किंवा हेर्नहूटचा नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

हेर्नहूटला जागतिक वारशाचा मान २०२४ मध्ये मिळाला, याचं अभिनंदन. त्या मान्यतेत मोराव्हियन वसाहती अनेक देशांत पसरल्या होत्या, याचा गौरव आहे. केलांगचं मिशन त्या वसाहतींच्या मानाने अगदी लहान ठाणं, आणि ते केव्हाच बंद झालं. पण जिथून तुम्ही कागद नेले तिथे प्रती पोचवणं, हे त्या मान्यतेला साजेसंच होईल.

आणि मनुष्यबळाबद्दल. भारतात हे अक्षर वाचणारं कोण आहे, असं कुणी विचारेल. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधून, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातून, मॅक्सम्यूलर भवनातून बाहेर पडलेली माणसं या शहरात मोठ्या संख्येने आहेत. त्यातली बरीच कंपन्यांची पत्रं आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करण्यात गुंतली आहेत, आणि त्यातल्या काहींना यापेक्षा वेगळं काही करायची मनापासून इच्छा आहे. हे अक्षर शिकवण्याचा वर्ग मी विनामूल्य घेईन. शिकलेली माणसं मूळ मजकूर साध्या रोमन अक्षरात उतरवतील आणि हिंदीचा कच्चा मसुदा करतील. त्यानंतरचं काम मात्र लाहौली माणसांबरोबर बसूनच व्हायला हवं, आणि अनुवादावर त्यांचंही नाव असायला हवं. मानधनही दोघांना सारखंच मिळायला हवं. नावं ओळखणारी आजी ही माहिती पुरवणारी नव्हे, सहअनुवादक आहे.

आपल्या तिन्ही संस्थांनी मिळून करायची पहिली गोष्ट छोटीच आहे. १८६० च्या दशकातल्या रोजनिश्यांपैकी एका वर्षाची वही निवडावी. तिच्या प्रती हेर्नहूटने द्याव्यात, त्यासाठी पत्र मंत्रालयाने लिहावं, आणि भाषा विभागाने केलांगच्या संग्रहालयात एक टेबल, एक कपाट आणि एक स्थानिक माणूस द्यावा. वर्षभरात त्या एका वहीचं काम पुरं झालं, तर पुढच्या वह्यांना किती वेळ आणि किती पैसा लागेल हे आपल्याला नेमकं सांगता येईल. प्रतिलेखनाचे नियम, नावांच्या यादीचा नमुना आणि वर्गाचा आराखडा मी हिंदी आणि जर्मन प्रतींसोबत जोडला आहे. त्यावर आपल्या सूचना कळवाव्यात, आणि लाहौलमधून या कामात कुणाला बोलवायचं ते ठरवताना तिथल्या पंचायतींना आणि महिला मंडळांना आधी विचारावं.

आपली,
पुण्यातील एक जर्मन शिक्षिका